सोमवारी चोपड्याहून कोण आलं?

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही व्हायरसवर लिहा. लोक आवडीनं वाचतात." मी म्हटलं, व्हायरस म्हणजे डास. मारायचे आणि झोपायचं, त्यावर लिहायचं काय? जळगावात संगणक दुरुस्तीचं दुकान मी नव्वदच्या दशकात काढलं आणि पुढे बरीच वर्षं चालवलं. त्या धंद्यात मला खरी झोंबली ती एकच गोष्ट, यंत्राचं नाव. आपलं यंत्र स्वतःला काय म्हणतं आणि शेजारचं यंत्र त्याला काय म्हणतं, यांचा मेळ बसवता बसवता माझे केस गेले. बायको म्हणते, ते आधीच गेले होते. तिचं म्हणणं इथं नोंदवून पुढे जातो.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. लिनक्स नावाची एक सिस्टीम तेव्हा नव्यानं आली होती. संगणकाच्या मासिकाबरोबर तिची सीडी यायची. टाकाऊ म्हणून माळ्यावर ठेवलेल्या संगणकावरसुद्धा ती चालायची, म्हणून आमच्याकडच्या व्यापाऱ्याला ती पटायची. फुकट आणि वर चिवट, आणखी काय पाहिजे? या लिनक्सला एक खोड आहे. ती दिवसभर स्वतःशी बडबडते. अमुक आत आला, तमुक बाहेर गेला, प्रिंटर रुसला, लाईन तुटली. हे सगळं ती एका फाईलीत लिहीत बसते. त्या फाईलीला आम्ही लॉग म्हणतो. लॉगच्या प्रत्येक ओळीत आधी वेळ, मग यंत्राचं नाव आणि मग काय घडलं ते.

जळगावच्या एका सराफांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते एकदम खूश झाले. "म्हणजे प्रत्येक ओळीत नाव येणार? मग नाव 'श्री' ठेवा. आपसूकच सगळं श्रीनं लिहिलं जाईल." मी नाव 'श्री' ठेवलं. आठवड्यानं त्यांचा निरोप आला की ताबडतोब या. गेलो तर चेहरा उतरलेला. म्हणाले, "दिवसभर श्री आहे हो. पण सकाळी मशीन सुरू केलं की पहिल्या ओळींत 'लोकलहोस्ट' येतंय. हा लोकलहोस्ट कोण? दिवसाची पहिलीच ओळ श्रीशिवाय, असं आमच्या सात पिढ्यांत झालेलं नाही."

खरं कारण साधं होतं. सकाळी यंत्र जागं होताना बडबड आधी सुरू करत होतं आणि स्वतःचं नाव त्याला नंतर आठवत होतं. नाव आठवेपर्यंतच्या ओळींवर ते कारखान्यातून आलेलं नाव ठोकून देई. मी क्रम बदलला, आधी नाव आणि मग बडबड. सराफांनी पेढे दिले आणि दारापर्यंत पोचवायला आले. शेजारच्या दुकानात ते सांगत होते की सपकाळे भाऊंनी मशीनचं बारसं केलं. मला ते आवडलं. आमच्या धंद्यात कौतुक क्वचित होतं. काम चाललं तर मशीन चांगलं आणि बंद पडलं तर सपकाळे वाईट.

पण तिथं बिघडलं तरी कुणाचं काही जाणार नव्हतं. आता सांगतो ती गोष्ट तशी नव्हती.

जळगावातल्या एका डाळ मिलचे मालक, त्यांना मी इथं कांतीशेठ म्हणतो, मूग, उडीद आणि तूर खरेदी करायचे. त्यांच्या खरेदीच्या शाखा धुळे, चोपडा आणि जामनेरला होत्या. आज आवक किती आणि भाव काय, हे प्रत्येक शाखेनं जळगावला कळवायचं, तेव्हा कुठे शेठ बाहेरच्या व्यापाऱ्याला भाव बोलणार. पूर्वी हे ट्रंक कॉलवर चालायचं आणि त्यात निम्मा वेळ 'हॅलो हॅलो'त जायचा. मी तिन्ही शाखांत एकेक जुना संगणक बसवला, त्यावर लिनक्स घातली, जळगावच्या मोठ्या यंत्राला तीन मोडेम लावले आणि तीन टेलिफोन लाईनी जोडल्या. मोडेम म्हणजे संगणकाला टेलिफोनवर बोलायला लावणारी डबी. शाखेनं नंबर लावायचा, जळगावची भावाची फाईल उतरवून घ्यायची, तीत आपल्या ओळी भरायच्या आणि फाईल परत चढवायची. फाईल सगळ्यांची मिळून एकच. पासवर्डही एकच, कारण शेठना एकाहून जास्त लक्षात राहत नसे.

तीन नंबरांपैकी एक चोपड्याचा, एक जामनेरचा आणि एक धुळ्याचा, असं मी वाटून दिलं होतं. जळगावच्या यंत्रात एक तक्ता होता. या लाईनवरून जो येईल तो चोपडा, त्या लाईनवरून जो येईल तो धुळे. एसटीत कंडक्टर रिझर्व्हेशनच्या तक्त्यात सीट बघून हाक मारतो ना, "पाटील कोण?" तसंच हे. सीटवर बसलेला खरोखर पाटीलच आहे का, हे कंडक्टर पाहत नाही. शाखेची बडबड टेलिफोनवरून जळगावला यायची आणि तिच्यावर नाव घालायचं काम ऐकणारं यंत्र करायचं, बोलणारं नाही. प्रत्येकानं आपापला नंबर लावला तर ही व्यवस्था चोख होती. माझा तो दावा आजही कायम आहे.

श्रावणात एका मंगळवारी कांतीशेठचा निरोप आला. गेलो तर शेठ गादीवर ताठ बसलेले. समोर चोपडा शाखेच्या ऑपरेटर कोकिळाताई उभ्या होत्या आणि बाहेर त्यांचे यजमान मोटारसायकलला टेकून थांबले होते. कोकिळाताई तिशीच्या, टायपिंग शिकलेल्या, चोपड्याच्या शेतकरी घरातल्या सूनबाई. तिन्ही शाखांत यंत्राला न घाबरणारं माणूस म्हणजे त्याच.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, भावाची फाईल अर्धी झाली होती. वरच्या चार ओळी राहिल्या आणि खालचं सगळं गायब. चोपड्याचा आधीचा भाव नाही, जामनेरचा नाही. शेठनी त्या अर्ध्या फाईलीवर इंदूरच्या व्यापाऱ्याला मुगाचा भाव बोलून टाकला आणि संध्याकाळी तो शब्द त्यांना फिरवावा लागला. व्यापाऱ्याच्या जिवाला ते फार लागतं. नुकसान तो गिळतो, शब्द फिरवणं त्याला गिळवत नाही.

शेठनी लॉगचा कागद माझ्यासमोर धरला. फाईलीला शेवटचा हात कुणी लावला, तर नाव होतं 'चोपडा'.

"आणि या म्हणतात, सोमवारी शाखा बंद होती! घरी कानबाई होती म्हणून सुट्टी घेतली!" शेठ म्हणाले. "सपकाळे, तुम्ही सांगा. मशीन झूठ बोलतं का?"

मी म्हटलं, "खोटं बोलत नाही शेठ, पण..."

शेठनी फक्त पहिला अर्धा भाग ऐकला. ते कोकिळाताईंकडे वळले. "ऐकलं? एक तर तुम्ही येऊन गेलात आणि आता नाही म्हणता. नाहीतर किल्ली दुसऱ्याला दिलीत. दोन्हीतलं काय ते सांगा."

कानबाई आमच्या खानदेशातली. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात तिची स्थापना होते आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोचवतात. त्या दिवसांत मुंबई-सुरतेला गेलेले भाऊबंदसुद्धा घरी परततात. रोट म्हणून जो प्रसाद होतो तो फक्त कुळातल्या माणसांनी खायचा. सून त्या दिवशी घरात नाही, असं होतच नाही. नसेल तर का नव्हती, हा प्रश्न येतो आणि तो चांगला प्रश्न नसतो.

कोकिळाताईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "शेठ, सकाळी आम्ही सगळ्या जणी नदीवर गेलो. तिथून घरी आलो, मग रोटांची पंगत. मी घरीच होते. नोकरी गेली तर गेली. पण मी घरात नव्हते असं हा कागद सांगतो ना, ते आमच्याकडे पोचलं म्हणजे मी काय करू?"

त्यांनी शाखेची किल्ली टेबलावर ठेवली. ते पोचायचं काही बाकी नव्हतं. यजमानांनी बाहेरून सगळं ऐकलं होतं. ते आत आले, "पुरे झाली नोकरी, चल," एवढंच म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली. मागे बसताना कोकिळाताईंनी माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. दुकानात एखादी वस्तू दुरुस्तीला टाकून जाताना माणूस बघतो तसं बघितलं.

शेठना मी एवढंच म्हटलं, "गुरुवारपर्यंत दुसरा माणूस बसवू नका." ते गुरगुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

मग मी तो लॉग घेऊन बसलो. लॉग वाचायची एक रीत आहे. नवखा माणूस फक्त ज्या ओळीवर बोट ठेवलंय तीच वाचतो. आम्ही तिच्या वरच्या आणि खालच्या ओळी वाचतो, कारण बडबड्या माणसाचं खरं कशात निघतं, तर तो सहज बोलून गेलेल्या वाक्यात. त्या सोमवारी चोपडा या नावानं बरीच बडबड आली होती. मोडेम लागला, प्रिंटरमध्ये कागद नाही, लाईन तुटली. त्यात मला एक विचित्र गोष्ट दिसली. जळगावच्या यंत्राच्या स्वतःच्या ओळींवर वेळ होती पावणेबाराच्या आसपासची. त्यांच्यामध्येच चोपड्याच्या म्हणून आलेल्या ओळी होत्या आणि त्यांच्यावर बारा वाजायला आले होते. पुन्हा खालची जळगावची ओळ पावणेबाराची. ओळीवर नाव ऐकणारा घालतो, पण वेळ बोलणारा स्वतःच्या घड्याळातली पाठवतो. म्हणजे जो कुणी बोलत होता, त्याचं घड्याळ दहा-बारा मिनिटं पुढे होतं.

मी जुने लॉग काढले. चोपड्याच्या ओळी इतर दिवशी जळगावच्या बरोबरीनं चालत होत्या, मिनिटाचाही फरक नव्हता. कोकिळाताई सकाळी रेडिओवरच्या बातम्यांना घड्याळ लावायच्या, हे मला ठाऊक होतं. धुळ्याच्या ओळी मात्र रोज, न चुकता, दहा-बारा मिनिटं पुढे पळत होत्या. आणि आणखी मागे गेलो तर काय! जामनेरचा आठवडी बाजार असला की अधूनमधून जामनेरच्या नावानंही ओळी पुढे पळत होत्या. एकच घड्याळ तीन गावांची नावं लावून फिरत होतं.

बुधवारी सकाळची एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी एसटी धरून मी धुळ्याला गेलो. शाखा मार्केट यार्डाजवळ होती. तिथले बोरसे नाना म्हणजे शेठच्या वडिलांच्या वेळचा माणूस. पांढरा शर्ट, पांढरी टोपी आणि निवृत्तीला एखादं वर्ष राहिलेलं. संगणक आला तेव्हा साठीला टेकलेल्या या माणसानं कुरकुर न करता तो शिकून घेतला होता. रोज कापडण्याहून यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

"ये भो, बस. चहा सांगस," नाना म्हणाले.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग मनगटाकडे. "नाना, तुमचं घड्याळ पुढे आहे."

"पुढेच ऱ्हास ते. मनी कापडणानी गाडी काय मनी वाट पाही?"

"आणि कॉम्प्युटरचं?"

"तेबी तेनासंगे मियाडी ठेयेल शे. एक खोलीमा दोन घड्या दोन टाईम दखाडतीन तं मानूसनं डोकं फिरी जाई."

म्हणजे गाडी चुकू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ पुढे, आणि त्याच्याशी जुळावं म्हणून नानांनी संगणकाचंही घड्याळ पुढे करून ठेवलेलं. आमच्याकडे निम्म्या घरांत घड्याळ पुढे असतं आणि ते पुढे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. माझ्या जळगावच्या यंत्राला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "सोमवारी नंबर कोणता लावला होता?"

नानांनी आढेवेढे घेतले नाहीत. "जयगावनी आपली लाईन पानी पडनं का बोंबलस. चोपडानी कोकियानीच शनवारी फोन करीसन सांगं व्हतं, 'नाना, सोमवारले आम्हनी कानबाई. मनी लाईन मोकयी ऱ्हाई. तुमले लागनी तं वापरी ल्या.' मी वापरी. आम्ही बठ्ठा असंच करतस. जामनेरना बजार ऱ्हायना का ते बजारमा ऱ्हातस, तवय तेसनी लाईन मी लेस, मनी चालू ऱ्हायनी का ते लेतस. कसाले एकमेकले आडावा?"

हे मला अजून आठवतं तेव्हा हसू येतं. मी तिन्ही शाखांना तीन दारं दिली होती आणि त्यांनी शेजाऱ्यांसारखी ती एकमेकांसाठी उघडी ठेवली होती. आमच्याकडे रिकामी पडलेली वस्तू शेजाऱ्याला नाही म्हणणं हे पाप आहे. खाट असो, बैलगाडी असो की टेलिफोनची लाईन. त्यात फसवणूक काही नव्हती. मला कुणी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

"सोमवारी फाईल चढवताना मध्येच लाईन तुटली होती का, नाना?"

"तुटनी व्हती. पन पडदावर काही उनं नही, मी म्हनं गयी व्हई फाईल."

फाईल अर्धीच गेली होती. नवी फाईल चढायला लागली की जुनी आधी पुसली जायची. नव्या फाईलीच्या चार ओळी पोचल्या आणि पावसानं लाईन तोडली. दोष द्यायचाच तर तो टेलिफोनच्या खांबाला द्यावा लागला असता. मी नानांना जळगावला काय घडलं ते सांगितलं. कोकिळाताईंनी किल्ली कशी ठेवली, यजमान काय म्हणाले, तेही सांगितलं. नानांनी उचललेला चहाचा कप खाली ठेवला.

मग म्हणाले, "तिनं घरमा देव बसाडेल, अन् तिले मन्हामुये चोर ठरायं? अरे, मशीनले येवढं समजत नही का, नाना बोली ऱ्हायना का कोकिया?"

"नाही समजत. ते फक्त लाईन बघतं."

"आंधयं शे मंग ते."

मला ते लागलं. माझं यंत्र होतं ते. मी म्हटलं, "नाना, शेठला हे पटवायचं तर तुम्हाला उद्या त्यांच्यासमोर दोन्ही नंबर लावून दाखवावे लागतील. फाईल तुमच्या हातून अर्धी राहिली, हेही त्यातून निघेल. तुमचं एकच वर्ष राहिलंय."

नाना म्हणाले, "वरीस राह्यनं म्हनीसन का मी आते लपू? उद्या सकायी फोन कर. मी आठे धुयालेच शे."

गुरुवारी सकाळी मी शेठना जळगावच्या यंत्रासमोर बसवलं. लॉग पडद्यावर सरकत ठेवला. धुळ्याच्या शाखेतल्या दुसऱ्या टेलिफोनवर नानांना सांगितलं, आपला नंबर लावा. मोडेमनं नेहमीप्रमाणे किंचाळून घेतलं आणि पडद्यावर ओळ आली, 'धुळे'. शेठनी मान हलवली. मग नानांना म्हटलं, आता तोडा आणि चोपड्याचा लावा. नाना त्याच खुर्चीत, त्याच संगणकासमोर. दुसरा मोडेम किंचाळला आणि ओळ आली, 'चोपडा'.

शेठ पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांचा चष्मा काचेला लागला. "पुन्हा करा," म्हणाले. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा जामनेरच्या नंबरावर केलं, तेव्हा नाना जामनेर झाले. जामनेरची शाखा त्या वेळी कुलपात होती, हे शेठना स्वतःला ठाऊक होतं.

मग टेबलावरचा टेलिफोन वाजला. नाना होते. शेठनी रिसीव्हर कानाला धरला आणि बराच वेळ नुसते "हां... हां नाना" करत राहिले. शेवटी म्हणाले, "नाना, आता राहू द्या. तुम्ही मला मांडीवर खेळवलंय, तुमच्यावर मी काय रागावू?" रिसीव्हर ठेवून त्यांनी मला विचारलं, "आता?"

"आता चोपड्याला जायचं," मी म्हटलं. "लॉगची व्यवस्था मी लावतो, पण तिथं तुम्हाला जावं लागेल. निरोप पाठवून भागायचं नाही."

व्यवस्था मी लावली. प्रत्येक शाखेला तिचा स्वतःचा क्रमांक दिला, मग ती कुठल्याही लाईनवरून येवो. पासवर्ड वेगवेगळे केले. फाईल पूर्ण पोचल्याशिवाय जुनी पुसायची नाही, अशी सोय केली. नानांचं घड्याळ मात्र मी तसंच राहू दिलं. काम चोख झालं, पुढे कधी तक्रार आली नाही. या कामाचा मला अभिमान आहे, आणि ते कोणत्या घटनेमुळे करावं लागलं याची रुखरुखही.

शनिवारी शेठच्या गाडीतून आम्ही निघालो. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळी लागते. कोकिळाताईंचं घर गावात होतं, पुढे मोठा ओटा. आम्ही पोचलो तर बोरसे नाना आधीच ओट्यावर टोपी मांडीवर घेऊन बसलेले. अमळनेरवरून सकाळच्या गाडीनं आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

कोकिळाताईंच्या सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. अक्का दारातच पाटावर बसल्या होत्या. कोकिळाताई त्यांच्या मागे चौकटीला धरून उभ्या आणि यजमान एका बाजूला खांबाशी. आम्हाला पाणी दिलं. चहाचं कुणी विचारलं नाही. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

शेठनी बोलायला सुरुवात केली. माणूस रागीट होता पण कोता नव्हता. त्यांनी सगळं नीट सांगितलं. तीन लाईनी, तीन नंबर, यंत्रातला तक्ता, पावसात तुटलेली लाईन, घड्याळाचा फरक. मध्ये अडले की माझ्याकडे बघत आणि मी पुरवत असे. नानांनी मध्येच हात जोडून सांगितलं, "अक्का, नंबर मी लायेल व्हता. पोरगीना काहीच दोस नही." शेवटी शेठ म्हणाले, "आता पक्कं सिद्ध झालं आहे अक्का. सोमवारी तुमची सून घरीच होती."

अक्का ऐकत होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"शेठ, मंगयवारले तुम्ही मन्ही सूनले इचारं, तवय तिनं काय सांगं व्हतं?"

"घरी होते म्हणाल्या."

"अन् आते तुमनं मशीन काय सांगस?"

"तेच. घरी होत्या."

"मंग तुमले नवीन काय समजनं?"

दोन एसटी आणि लॉगच्या भेंडोळ्या घेऊन मी जे शोधून काढलं होतं, ते या घरात पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. तीस-चाळीस भाऊबंद त्या पंगतीला होते. त्यांच्यापैकी एकालाही आम्ही विचारलं नव्हतं.

यजमानांनी मान खाली घातली. त्यांनाही ते लागलं असणार, कारण त्या मंगळवारी त्यांनीही शेठना उलट विचारलं नव्हतं.

शेठनी खिशातून किल्ली काढली आणि वाकून अक्कांपुढे धरली. अक्कांनी हात पुढे केला नाही. "माले कसाले? कुलूप ती उघडस."

शेठ उठले, दोन पावलं पुढे गेले आणि त्यांनी किल्ली कोकिळाताईंपुढे धरली. ताईंनी लगेच घेतली नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि तो मान वर करेपर्यंत पाहत राहिल्या. त्यानं मान हलवली तेव्हा त्यांनी किल्ली घेऊन पदराच्या टोकाला बांधली. त्या म्हणाल्या, "सोमवारी मुगाची आवक मोठी आहे शेठ, हमाल लवकर लागतील." मग नानांना, "नाना, तुम्हाला साखर कमी ना?" असं विचारून त्या चहा ठेवायला आत गेल्या.